नागडा सेट

आमच्या घरमालकांनी आम्हाला खोली दिली ती एका अटीवर. भाडं, पाणी, पाहुणे यांबद्दल ते काही बोललेच नाहीत. खोलीच्या कोपऱ्यात माझ्या खांद्याला लागेल एवढा एक जुना रेडिओ उभा होता. त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हा इथंच राहणार. ह्याला हलवायचं नाय, ह्याच्यावर भांडं ठेवायचं नाय. बाकी घर तुमचं."

लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि गिरगावात खोली मिळत होती. आम्ही हो म्हणालो. पुढे कळलं की वाडीतल्या त्यांच्या त्या लाकडी घरात जेवढे भाडेकरू, तेवढ्यांच्या खोलीत एकेक असा मुका पाहुणा होता. आमचा कधीच बोलला नाही. माझे यजमान त्याच्यावर ओला टॉवेल वाळत घालायचे आणि जिन्यावर मालकांचं पाऊल वाजलं की झडप घालून काढायचे. मी कंटाळायचे, चिडायचे. बारा हातांच्या खोलीत चौथा भाग व्यापून बसलेली वस्तू काडीच्या उपयोगाची नाही, हे संसार मांडणाऱ्या बाईला कसं सोसवेल?

त्यांना 'मालक' म्हटलेलं आवडत नसे. "मालक मी नाय, टीचर. मालक हे," असं म्हणून ते पॅसेजभर मांडलेल्या रेडिओच्या पेट्यांकडे हात करायचे. (मी शाळेत शिकवायचे, म्हणून 'टीचर'.) पण दुसरं काय म्हणायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, म्हणून आम्ही मालकच म्हणत राहिलो. साठीच्या आसपासचे, उंच, पाठीत थोडे वाकलेले, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच ख्रिश्चन. तरुणपणी बोटीवर वायरलेसचं काम केलेलं. लग्न केलं नव्हतं. दर शुक्रवारी चर्चला जायचा काळा कोट घालून ते चोरबाजारात जायचे. भंगारात जाण्यासाठी कोट कशाला, असं मी एकदा विचारलं.

"कुणाला तरी घरी आणायला चाललोय ना मी," ते म्हणाले. "बनियनवर जाऊ काय?"

साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा त्यांच्या बंगल्यांतले हे मोठमोठे रेडिओ लिलावात गेले. फर्निचरवाले त्यांच्या आतलं यंत्र उपटून भंगारात टाकायचे आणि पेटीची कपाटं करून विकायचे. मालकांचा सगळा राग या फर्निचरवाल्यांवर. ते यंत्राला 'आतडी' म्हणत. एका पेटीची आतडी दुसऱ्या पेटीत त्यांनी कधी बसवली नाहीत. आतडी सापडली की पेटी शोधायची, पेटी सापडली की आतडी शोधायची, आणि जुळत नसतील तर वाट बघायची. शोधायला वर्षं गेली तरी त्यांचं काही बिघडत नसे. सापडलेल्या पेटीला ते लहान मुलाला न्हाऊ घालावं तसं निगुतीनं पुसायचे. धूळ झटकायला दाढीचा ब्रश वापरायचे. स्वतःच्या दाढीचा ब्रश वेगळा आहे असं त्यांचं म्हणणं होतं, मला त्याची कधीच खात्री पटली नाही.

त्यांच्याकडे बटण फिरवल्यावर कुणी बोलायचं नाही असा नियम होता. आतले व्हॉल्व तापायला वेळ लागतो, तोवर सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. "तापू दे," एवढंच ते म्हणायचे. हळूहळू त्यांची ही सवय माणसांनाही लागू झाली. भाडेकरूंची भांडणं त्यांच्याकडे गेली की ते दोघांनाही बाकावर बसवून म्हणायचे, "तापू दे." तापलेल्या माणसांना आणखी तापू देऊन काय मिळणार हे मला समजत नसे, पण पुष्कळदा माणसं कंटाळून उठून जायची हे खरं.

गंमत म्हणजे त्यांना रेडिओ ऐकायला आवडत नसे. गाणं नको, नाटक नको, बातम्या नकोत. सेट दुरुस्त झाला, आवाज स्वच्छ आला की ते बटण बंद करायचे. "चालतोय ना? झालं."

या सवयीपायी एकदा ते मार खाता खाता वाचले. मुंबईचं काय करणार ते पंतप्रधान रेडिओवरून सांगणार होते, ती जानेवारीतली संध्याकाळ. अख्खी वाडी मालकांच्या पॅसेजमध्ये दाटली होती. जिन्यावर, खिडकीत, कठड्यावर माणसं. सेट तापला, भाषण सुरू झालं. थोडं बोलणं झालं असेल नसेल, मालकांनी मान हलवली, "आवाज ठीक हाय," आणि खट्‌कन बटण फिरवलं. एक क्षण कुणाला काही कळलंच नाही. मग जो गिल्ला झाला तो काय सांगू! कुणी त्यांचा हात धरला, कुणी कोटाची कॉलर. पुन्हा बटण फिरवलं, पण व्हॉल्व पुन्हा तापेपर्यंत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात जाणार, हे सांगून झालं होतं. आमच्या वाडीला ती बातमी शेजारच्या वाडीतल्या शिव्यांवरून कळली.

त्यानंतर कुणीतरी त्यांना चिडून विचारलं, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"माझा आजा इथं पुरलाय, बाप इथं पुरलाय," ते शांतपणे म्हणाले. "मुंबई कुणाची ते त्यांना विचार, मॅन. मी तर नवीन हाय."

आता नागड्या सेटबद्दल सांगते, कारण मला सांगायचं आहे ते त्याच्याबद्दलच.

पॅसेजच्या टोकाला एका फळीवर, चादरीखाली, एका सेटची आतडी ठेवलेली होती. मोठा स्पीकर, पिवळसर काचेची तबकडी, तिच्यावर लंडन, रंगून, कराची अशी गावांची नावं. पेटी नव्हती म्हणून मालक त्याला 'नागडा' म्हणायचे आणि बायका जिन्यावरून जाऊ लागल्या की चादर नीट करायचे. त्यांच्या सगळ्या गोतावळ्यात हा त्यांचा सर्वांत लाडका. असा सेट मुंबईत दुसरा नाही, असं ते सांगायचे. त्याच्या उजव्या कोपऱ्याला कधीतरी आतून जळल्याची काळी खूण होती. "हा जळला तेव्हा पेटीपण जळली असणार," ते म्हणायचे. "त्याच जागी डाग असणार. त्या डागावरून मी तिला ओळखीन."

मी परळच्या शाळेत शिकवत होते. गणपतीच्या सुट्टीनंतर वर्गातली एक मुलगी बरेच दिवस आली नाही म्हणून तिच्या घरी गेले. मुलीला गोवर होता. आई भागाबाई, गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला. साताऱ्याकडची माणसं. नवरा-बायकोंनी माझं एवढं अगत्य केलं की मला लाज वाटली. घरी आल्यावर चहा पिता पिता मी मालकांना सहज म्हटलं, "परळला एका घरी देव्हारा पाहिला, चक्क रेडिओच्या पेटीत. वर कमान, बाजूला कोरलेली वेल, आत खंडोबा आणि लक्ष्मीआई. छान दिसत होतं."

मालकांनी हातातली बशी खाली ठेवली. "कमान? वेल डावीकडनं उजवीकडं की उजवीकडनं डावीकडं?"

मला काय ठाऊक! पण त्या रविवारी मला त्यांना परळला न्यावंच लागलं. "मुलीला बघायला आलोय," असं सांगायचं ठरलं. त्यांनी सोबत मोसंबी घेतली होती. मुलीकडे त्यांनी पाहिलंच नाही. थेट देव्हाऱ्यासमोर जाऊन बसले, हात जोडले आणि कमरेत वाकून वाकून देवांच्या मागे नजर घालू लागले. खंडोबाचा टाक नेमका त्या कोपऱ्याच्या आड येत होता. मान इकडे, मान तिकडे. बघणाऱ्याला वाटावं, काय ही भक्ती! भागाबाई पदर सावरून, डोळे भरून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

परत येताना ट्रामच्या थांब्यापर्यंत ते भराभरा माझ्या पुढे चालत गेले. मग म्हणाले, "डाग हाय. त्याच जागी."

भागाबाईंच्या नवऱ्यानं ती पेटी वाळकेश्वरच्या एका बंगल्यातून डोक्यावरून परळला आणली होती. लिलावाचं सामान उचलायला तो हमाल म्हणून गेला होता, आतडी आधीच गेली होती, रिकामी पेटी कुणाला नको होती. त्यानं आत दोन्ही बाजूंना पट्ट्या ठोकल्या, त्यावर फळी बसवली, आणि देव मांडले. हे त्यानं मालकांना मोठ्या हौसेनं सांगितलं होतं. "कशी जमलीय, बाबा?"

पट्ट्यांचे खिळे पाहून मालकांच्या काळजाला घरं पडली होती हे मला दिसत होतं. "फर्स्ट क्लास," ते म्हणाले होते.

त्यानंतर ते महिन्यातून एकदा तरी परळला जायचे. जायचे, देव्हाऱ्यासमोर बसायचे, वाकायचे, चहा प्यायचे आणि यायचे. कधी बोटानं कडेची वेल चाचपायचे. मला हसू यायचं आणि रागही. "अहो, एकदा मागून तरी बघा. नवा सागवानी देव्हारा करून द्या त्यांना बदल्यात."

"दुसऱ्याच्या देवाखालचा पाट कोण ओढतो, टीचर?" एवढंच ते म्हणाले, आणि तो विषय कायमचा बंद झाला. मागायचं नाही, पण बघायला जायचंच.

याची बातमी कशी कोण जाणे, त्यांच्या चर्चपर्यंत पोचली. फादर घरी आले. मी जिन्यात होते, सगळं ऐकू येत होतं. परळला जाऊन तू हिंदूंच्या देवाला गुडघे टेकतोस, असं लोक सांगतात, ते खरं आहे का, असं फादरनी विचारलं.

"गुडघे नाय, फादर," मालक म्हणाले. "फक्त वाकतो. आतला डाग बघायला."

फादरनी यातून काय अर्थ काढला देव जाणे, पण ते पुन्हा आले नाहीत.

पुढच्या जानेवारीत, पंतप्रधानांच्या त्या भाषणानंतर शहर पेटलं. कर्फ्यू, दगडफेक, गोळीबार. भागाबाईंचा नवरा लालबागला गेला तो परत आला नाही. गोळी लागली तेव्हा तो मोर्च्यात होता की रस्ता ओलांडत होता, हे शेवटपर्यंत नीट कळलं नाही. कर्फ्यू उठल्यावर मी आणि मालक परळला गेलो. भिंतीशी मुलीला मांडीवर घेऊन भागाबाई बसल्या होत्या. मालक दारातच टेकले. एवढ्या वेळा मी त्यांच्याबरोबर त्या खोलीत गेले, पण त्या दिवशी त्यांनी पेटीकडे एकदाही पाहिलं नाही. मला त्या माणसाबद्दल खरी माया वाटली ती त्या दिवसापासून.

ते वर्ष संपता संपता, डिसेंबरात, भागाबाईंनी दादरच्या समुद्रावर, त्यांच्या साहेबांच्या चितेसमोर, लाखो माणसांबरोबर बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. मग काही दिवसांनी त्यांच्या मुलीनं मला वर्गात निरोप दिला, "बाई, आईनं त्या बाबांना बोलवलंय. देव्हारा घेऊन जावा म्हणाली."

मालकांनी कोट घातला. चोरबाजाराच्या शुक्रवारी घालायचे तो नव्हे, दुसरा, त्यापेक्षा चांगला. हातगाडी ठरवली. रस्ताभर ते गाडीवाल्याला खड्डे दाखवत होते, परत येताना तिथून नेऊ नकोस म्हणून. इतके खूश मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

पेटी भिंतीपासून पुढे ओढून ठेवली होती. फळीवर देव नव्हते. ते पिवळ्या फडक्यात बांधून पेटीच्या माथ्यावर ठेवलेले.

"बसा बाबा," भागाबाई म्हणाल्या. "आता आमच्या घरात ह्यांना जागा न्हाई. आम्ही सोडलं त्यांना. लोक म्हन्त्यात समुद्रात सोड, पन माझा हात उचलंना. तुमच्यावानी भक्तीनं ह्यांच्याम्होरं कुनी बसलं न्हाई. आमी बी न्हाई. तवा तुमीच न्या, देव्हाऱ्यासकट. तुमच्याकडं त्यांची आबाळ व्हायची न्हाई."

मी मालकांकडे पाहिलं. बाहेर हातगाडी उभी. आत, वर्षानुवर्षं शोधलेली पेटी, त्यांचीच म्हणून देऊ केलेली. फक्त पुरचुंडी उचलून कपाळाला लावायची होती. मी मनात म्हणाले, लावा हो, कुणाचं काय जातंय.

ते भागाबाईंसमोर खाली बसले. "बाय," ते म्हणाले, "मी खोटा माणूस हाय. मी देवाला नाय वाकलो. पेटीला वाकलो. तुझ्या देवाच्या मागं जळलेला डाग हाय, तो बघायला." आणि त्यांनी सगळं सांगितलं. नागडा सेट, चादर, डाग, मोसंबी.

भागाबाई ऐकत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. नवरा गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. "आन मी समद्या चाळीला सांगत हुते, किरिस्ताव हाय पन बघा कसा देवभोळा!"

हसणं ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "घेऊन जावा तरीबी. तुमचीच हाय म्हना की."

"देव गेले ते बरोबर. पण पेटी का काढतेस?" मालकांनी विचारलं.

"देव्हारा ठेवायचा न्हाई कुनाच्या घरात, असं ठरलंय आमच्यात. शेजारच्या श्रीपतीनं सगळ्यांचे मोडून काढले. बरोबरच हाय त्याचं. रिकामा देव्हारा ऱ्हायला तर उद्या मानूस त्यात परत कायतरी बसवनार." बोलता बोलता त्यांचा तळवा पेटीच्या कडेवरून फिरत होता. "ह्यांनी डोक्यावरनं आनली. वाळकेश्वरपास्नं. मानेला सूज आली हुती. ह्यांची म्हनून घरात येवढीच एक वस्तू हाय. पन नेमका देव्हाराच हाय ना तो."

मालक पेटीकडे सरकले. त्यांनी पेटीच्या आत हात घातला, नवऱ्यानं ठोकलेल्या पट्ट्या चाचपल्या, डागावर अंगठा घासला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टीचर, गाडीवाल्याला सांगा, जा म्हणावं." आणि भागाबाईंना, "येत्या रविवारपर्यंत हिला कुणाला हात लावू देऊ नको. श्रीपती आला तर सांग, एक म्हातारा न्यायला येणार हाय."

देवांची पुरचुंडी मी घेतली. ते देव अजून माझ्याकडे आहेत.

तो आठवडा मालकांनी नागड्या सेटवर काढला. मी एकदा न राहवून म्हटलं, "अहो, असा सेट मुंबईत दुसरा नाही म्हणता ना? आणि देऊन टाकता?"

"देतोय कुठं?" ते माझ्यावर खेकसले. "पेटी येत नाय म्हणून हा जातोय." पण रविवारी सकाळी सेट चादरीत गुंडाळताना त्यांनी चादरीची टोकं दोनदा सोडली आणि पुन्हा बांधली. मी दुसरीकडे बघत राहिले.

परळच्या खोलीत फळी काढली, देवांच्या मागचं भगवं कापड काढलं, कमानीत नवं जाळीचं कापड ताणलं. आतडी आत सरकवली आणि ती अशी बसली की जणू कालच बाहेर काढली होती. जळकी खूण डागाला जाऊन टेकली. पट्ट्या उपटायला मालकांनी पक्कड उचलली तेव्हा भागाबाई म्हणाल्या, "त्या न्हाई ऱ्हायच्या का? ह्यांनी ठोकल्यात." एक पट्टी स्पीकरच्या आड येत होती, ती काढावीच लागली. दुसरी राहिली. दिव्याच्या होल्डरमधून वायर घेतली, एरियलची तार गॅलरीच्या कठड्याला बांधली. एव्हाना दारात चाळ जमली होती आणि तिच्यातून वाट काढत श्रीपती आत आला. विशीतला, डोळ्यांत धार असलेला पोरगा.

"भागामावशे, हे काय? देव्हारा अजून हितंच?"

"डोळे उघड, मॅन," मालक पेटीच्या मागून म्हणाले. "देव्हाऱ्याला बटणं असतात काय?"

"असली तर असली. पेटी तीच हाय."

"पेटी आधीपासून रेडिओचीच. मधे थोडे दिवस देव भाड्यानं राहून गेले."

श्रीपती हसला नाही. तो पुढे झाला, वाकून आत पाहिलं, मागून पाहिलं. भागाबाई पेटीला पाठ लावून उभ्या होत्या, हात मागे, बोटं लाकडाला घट्ट धरून. त्या मुलाचा शब्द चाळीत चालत होता. तो नाही म्हणाला असता तर त्यांनी निमूटपणे पेटी दिली असती, आणि मला वाटतं, मग त्या घरात राहिल्याही नसत्या.

"वाजतो?" श्रीपतीनं विचारलं.

मालकांनी बटण फिरवलं. दारातली माणसं बोलायची थांबली. तबकडीमागे दिवा पिवळा झाला, मग एक घरघर, मग दूरवरून जवळ येत आल्यासारखा एका बाईचा आवाज, मराठीत, हवामान सांगणारा. जाड, गोल, खोलीत कुणी समोर बसून बोलावं तसा. मी आयुष्यात रेडिओचा तसा आवाज ऐकला नव्हता. कुणीतरी टाळी वाजवली.

श्रीपतीनं हवामान संपेपर्यंत ऐकलं. "रेडिओच हाय," तो म्हणाला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मग हळूच, "मावशे, संध्याकाळी बातम्यांना आलो तर चालंल?"

भागाबाईंची बोटं सुटली. त्या खाली बसल्या.

मग हवामानानंतर गाणं लागलं, तबला सुरू झाला, आणि डग्ग्यावर थाप पडली की पेटीतून करकर ऐकू येऊ लागली. बारीक, पण दर थापेला. राहिलेली ती पट्टी. खिळा लाकडात सैल झाला होता आणि थापेबरोबर थरथरत होता. रेडिओ बसवणाऱ्याला यापेक्षा मोठी नामुष्की नाही. मालकांचा चेहरा पडला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला, पेटीच्या मागे हात घातला.

भागाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. कान पेटीच्या कडेला लावून त्या ऐकत होत्या. डग्गा वाजला, खिळा करकरला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "त्यो ह्यांचा हाय."

मालकांनी थोडा वेळ ऐकलं. मग स्क्रू ड्रायव्हर कोटाच्या खिशात ठेवला आणि, माझ्या पाहण्यात तरी आयुष्यात पहिल्यांदा, पूर्ण गाणं संपेपर्यंत रेडिओसमोर बसून राहिले.